नसेल तर गप्प

बंकटरावांच्या गळ्यात वीणा होती आणि डोळ्यांत झोप. सप्ताहाचा सहावा दिवस, दुपारचा बारा ते दोनचा पहारा. हा पहारा त्यांनी स्वतःच मागून घेतला होता, कारण या वेळेला मंडपात बघायला कुणी नसतं, आणि उभ्याउभ्या झोपायची कला त्यांना सरपंचपदाच्या दहा वर्षांत चांगलीच साधली होती. सप्ताह बसल्यापासून उठेपर्यंत वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात पडायची, एवढाच तिचा प्रवास. धर्मापुरीच्या रस्त्यावरच्या उंबरवाडीत हा नेम चाळीस वर्षं मोडला नव्हता.

वारा पडला होता. मंडपाचं कापड जागचं हलत नव्हतं. ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसलेली माणसं जेवायला गेली होती आणि रिकाम्या पाटांवर ऊन सरकत होतं. अशा त्या भर दुपारी कळसाखालच्या कर्ण्यातून, वर्षापूर्वी वैकुंठवासी झालेले धोंडीराम महाराज खाकरले.

खाकरले, घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "बंकटा, झोपलास का?"

आवाजामागं टाळ वाजत होते. 'विठ्ठल विठ्ठल' म्हणणारे टाळकरी ऐकू येत होते आणि त्यातले तिघे आता या जगात नव्हते. लांब कुठंतरी एक कुत्रं भुंकलं. ते कुत्रंही मरून दहा वर्षं झाली असतील. पण गावातली आजची कुत्री त्याला उत्तर देऊ लागली.

बंकटरावांनी डोळे उघडले, वर कर्ण्याकडं पाहिलं, आणि घाईनं खाली वाकून हात जोडले. वीणा त्यांच्या गळ्यातून सुटून खाली निघाली. खांबाजवळ टाळांची दोरी बदलत बसलेला हरिओम उडी मारून आला नसता तर चाळीस वर्षांचा नेम तिथंच संपला असता. त्यानं वीणा वरच्यावर झेलली आणि घाईनं स्वतःच्या गळ्यात घातली.

"काका, काय झालं?"

"तू आयकलं का बे?"

"आयकलं."

"मग मला कावून इचारतो काय झालं!" बंकटराव म्हणाले आणि पाटावर बसले. बसले म्हणजे पाटाचा त्यांना आधार मिळाला, इतकंच.

देवळाच्या मागं महाराजांचं घर होतं. तिथं बायनाबाई, महाराजांच्या मालकीणबाई, चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी आवाज ऐकला, पदर डोक्यावर ओढून घेतला आणि आधणात एक कप पाणी वाढवलं. चहा झाल्यावर दोन कप भरले. एक स्वतः प्यायल्या. दुसरा देवळाच्या बाजूच्या खिडकीत ठेवला.

*

हा सगळा प्रकार घडला तो देवळाच्या ओवरीतल्या खोलीत बसलेल्या धनश्रीच्या हातून. पखवाजी परमेश्वर यांची ही मुलगी. अंबाजोगाईत शिकली, पुण्याच्या एका कंपनीत लागली, आणि सप्ताहासाठी गावी येऊन इथूनच काम करत होती. मोबाईलला रेंज फक्त या खोलीत येते म्हणून ती तिथं बसायची.

तिचं काम गावात कुणालाच नीट माहीत नव्हतं. परमेश्वर विचारणाऱ्याला सांगायचे, "ती काम्पुटरला बोलायला शिकवायली." हे फारसं चूक नव्हतं. कंपनी एक मोठं माहितीचं कोठार बांधत होती. त्या कोठाराला शब्द जुळवून नव्हे, अर्थ जुळवून शोधता येत होतं, आणि त्याला मराठीत प्रश्न विचारण्याची रीत धनश्रीला ठरवायची होती. कोणता शब्द आधी, कोणता नंतर, कोणता सक्तीचा, कोणता मर्जीचा. भाषेचं व्याकरणच म्हणा.

चाचणीसाठी कोठारात काहीतरी भरायला हवं होतं. परमेश्वरांनी बावीस वर्षं महाराजांची कीर्तनं पखवाजाशेजारी टेपरेकॉर्डर ठेवून भरून घेतली होती, पुढं मोबाईलवर. धनश्रीनं ती सगळी घातली. एकेका वाक्याचा तुकडा केला आणि यंत्रानं प्रत्येक तुकड्याला त्याच्या अर्थाप्रमाणं जागा दिली. मग तिनं प्रश्नाचा साचा लिहिला:

कीर्तनातून
"झोप येते" याच्या जवळचे
१ आण
वाजव

'झोप येते' हे उदाहरण तिला सुचलं कारण तिला खरोखर झोप येत होती. कीर्तनात बावीस वर्षं पहिल्या रांगेत बंकटराव डुलक्या घेत होते, आणि बावीस वर्षं महाराज त्यांना नाव घेऊन जागं करत होते. त्यामुळं यंत्राच्या गावात 'झोप' आणि 'बंकट' यांच्या घरांची भिंत एकच होती. एवढंच झालं होतं. फक्त, आदल्या दिवशी तिनं मंडपवाल्या भारतच्या स्पीकरवर ब्लूटूथवरून महाराजांचा हरिपाठ लावून दिला होता आणि लॅपटॉप तो स्पीकर विसरला नव्हता.

हे सगळं तिनं मंडपात येऊन हात जोडून सांगितलं. तोवर निम्मं गाव जमलं होतं.

"असं समजा काका, परतेक वाक्याला एक घर दिलंय. सारख्या अर्थाची वाक्यं एका गल्लीत. तुमी काय इचारलं की यंत्र बघतंय तुमचं वाक्य कोणत्या गल्लीत पडतंय, आन शेजारचं दार वाजवतंय."

"आन त्या शेजारच्या घरी महाराज राहातेत," चतुराबाई म्हणाली.

"न्हाई हो मावशी, महाराजांचं रेकॉर्डिंग..."

"तेच म्हणायले मी." चतुराबाईनं लॅपटॉपला नमस्कार केला. "त्यांना इचार, माझी म्हैस सकाळपसून कुठं गेलीय?"

धनश्रीनं नको नको म्हटलं. पण चतुराबाई गावात एकटीनं राहते, आणि तिच्या म्हशीवर तिचं घर चालतं. तिचा चेहरा बघून धनश्रीनं 'म्हैस हरवली, कुठं आहे' असं लिहिलं. कर्णा क्षणभर घरघरला.

"अगं बाई," महाराज म्हणाले, "गावभर हुडकतीस, पण जे हुडकायलीस ते तुझ्याच घराच्या मागं उभं हाय. आधी वळून तर बघ!"

हे महाराज देवाबद्दल बोलले होते. पण चतुराबाई वळली, चपला न घालता घरी पळाली, आणि पाच मिनिटांत कडब्याच्या गंजीमागून तिची म्हैस हंबरलेली सगळ्या मंडपानं ऐकली.

भारतनं हळूच स्पीकरला उदबत्ती लावली.

*

"मॅडम, एक अडचण आहे," धनश्री फोनवर सांगत होती. "मी काहीही विचारलं तरी हे काहीतरी उत्तर आणतंच."

"मग छान आहे की," पुण्याहून मोहिनी मॅडम म्हणाल्या. त्या तिच्या वरिष्ठ.

"पण जवळचं काही नसलं तरी आणतंय. 'जवळचे एक आण' म्हटलं की जे त्यातल्या त्यात जवळ असेल ते. भले ते दहा कोस लांब असो. साच्यात अंतराची अट सक्तीची करायला हवी. इतक्या अंतराच्या आत असेल तरच आण."

"धनश्री, हे आपलं बोलून झालंय. अट मर्जीची ठेव. लोकांना रिकामी स्क्रीन आवडत नाही. त्यांना वाटतं बिघडलंय. आणि तो अंतराचा आकडा लपवलास ना? आकडे बघून लोक घाबरतात."

"लोक आकडे न बघताच घाबरलेत, मॅडम."

"कुठं?"

"देवळात," धनश्री म्हणाली. मग मॅडम म्हणाल्या, "उद्या संध्याकाळपर्यंत साचा पक्का करून पाठव."

फोन ठेवून ती वळली तर दारात बंकटराव उभे. चेहरा उतरलेला. मागंपुढं बघून ते आत आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"पोरी, त्यो कर्णा बंद हाय का?"

"हाय काका. आता फक्त इथंच वाजल."

"मग इचार." ते खुर्चीवर टेकले. "दुपारपसून माझ्या छातीत धडधड व्हायली. मेलेल्या माणसानं नाव घेतलं की... तू इचार, माझं किती दिस राहिलेत."

"काका, हे यंत्र हाय. त्याला काय कळतंय?"

"म्हशीचं कळलं ना? टाक म्हणलं की टाक!"

तिनं टाकलं. 'मला मरण कधी येणार.' महाराज लॅपटॉपच्या लहान आवाजात, अगदी कानाशी बसल्यासारखे बोलले, "दिवस किती राहिलं? एकच. उद्या काला. ज्याला जे आवरायचं ते आजच आवरून घ्या."

महाराज दरवर्षी सहाव्या दिवशी हेच सांगायचे. आवरायचं म्हणजे पत्रावळी, चुलवण, बाहेरगावच्या मंडळींची अंथरुणं. धनश्रीनं हे तीनदा समजावलं. पण बंकटराव ऐकण्याच्या पलीकडं गेले होते. ते उठले, दाराला अडखळले आणि थेट चतुराबाईच्या घरी गेले.

"चतुरे, आपला मधला बांध हाय ना, त्यो मी दोन हात तुझ्या रानात सरकवलाय. आठ वर्षं झाली. उद्या सकाळी पैला माझा गडी लावून माघारी घे."

चतुराबाईनं हातातली धार थांबवली. "बंकटराव, तब्येत बरी हाय ना?"

"उद्यापसून इचारायची गरज न्हाई," बंकटराव म्हणाले.

*

आता काल्याच्या कीर्तनाचा प्रश्न. शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन, मग दहीहंडी, मग महाप्रसाद. हे कीर्तन उंबरवाडीत तीस वर्षं धोंडीराम महाराजांनी केलं होतं. त्यांच्यामागचा हा पहिला सप्ताह. बंकटराव समितीचे प्रमुख. त्यांनी बाहेरच्या एका मोठ्या महाराजांना निरोप पाठवून ठेवला होता. ते महाराज मोबाईलवर फार बघितले जातात आणि त्यांच्या गाडीमागं दोन गाड्या असतात.

पण गावातल्या बऱ्याच जणांच्या मनात हरिओम होता. हरिओम मेंढरं राखतो. बारा वर्षं तो महाराजांच्या मागं टाळ घेऊन उभा राहिला होता. माळावर मेंढरांपुढं तो आख्खी कीर्तनं म्हणतो असं गुराखी सांगतात. माणसांपुढं मात्र त्याचं तोंड उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्याला विचारलं की त्याचं एकच उत्तर असायचं.

"मला महाराज कधी 'तू उभा राहा' म्हणले न्हाईत. त्यांनी म्हणल्याबिगर त्या जागेवर पाय ठेवणार न्हाई. दुसरं कुणी उभं राहिलं तर मी टाळ धरीन, आन कुणीच न्हाई राहिलं तर..." इथं तो थांबायचा. त्याच्या मनात दुसरं काही नव्हतंच असं नाही. महाराज गेले त्या दिवसापासून तो त्या एका शब्दाची वाट बघत होता. शब्द मिळणार नाही हे कळत असूनही बघत होता.

संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर बंकटराव मंडपात उभे राहिले.

"मंडळी, उद्याच्या कीर्तनाचं मी ठरीवणार न्हाई. जाता जाता माझ्या डोक्यावर हे पाप नको. मोठ्या महाराजांना सांगितलंय, पण अजून पक्कं कळवलं न्हाई. आपण धोंडीराम महाराजांनाच इचारू. ते म्हणतील ते मंजूर."

"काका, जाता जाता म्हणजे कुठं चाललाव?" भारतनं विचारलं.

"तू कर्णा जोड."

ऊन उतरलं होतं. माळावरून धूळ उठली होती आणि मंडपात तांबूस अंधार भरला होता. धनश्री लॅपटॉप घेऊन गाभाऱ्याच्या पायरीवर बसली. हरिओम मधोमध उभा होता, वीणा अजून त्याच्याच गळ्यात. दुपारपासून पुढचा पहारेकरी म्हणून कुणी पुढं आलंच नव्हतं. वीणा निसटल्यावर लोकांना ती घ्यायची भीती वाटत होती.

"लिही," बंकटराव म्हणाले. "उद्या कीर्तनाला हरिओमनं उभं राहावं का?"

तिनं लिहिलं. कर्णा घरघरला. टाळ वाजले. मग महाराजांचा आवाज खाली उतरला, हळू, शेजारच्या माणसाला बोलावं तसा.

"हरिओम, हात कापायलाय कावून?"

सगळ्यांचे डोळे हरिओमच्या हाताकडं गेले. वीणेच्या दांडीवरचा त्याचा हात थरथरत होता. बायकांच्या बाजूला कुणीतरी 'अगं आई' म्हणालं.

"झालं!" बंकटराव म्हणाले. "हात कापतोय म्हणले. म्हणजे नको."

"कसं काय नको? प्रेमानं इचारलं, धीर दिला!" परमेश्वर पखवाजामागून म्हणाले. "म्हणजे राहा."

"मग उलटं लिही. 'हरिओमनं उभं राहू नये का?' बगू काय म्हणतेत."

धनश्रीनं उलटं लिहिलं. कर्णा घरघरला. तेच टाळ, तोच श्वास.

"हरिओम, हात कापायलाय कावून?"

आता मात्र माणसं सरकून एकमेकांना चिकटून बसली. उलट विचारलं तरी तेच, सुलट विचारलं तरी तेच. जणू प्रश्न कुणाला ऐकूच येत नव्हता, वर बसून कुणी फक्त त्या पोराकडं बघत होतं. हरिओमचे डोळे भरले. त्यानं हात दुसऱ्या हातानं धरला.

धनश्रीच्या मात्र मनात लख्ख झालं. यंत्राला 'राहावं' आणि 'राहू नये' यांतला फरकच कळत नव्हता. दोन्ही वाक्यं एकाच गल्लीत पडत होती, आणि महाराजांनी कधीतरी कीर्तनात टाळ धरलेल्या हरिओमला विचारलेलं वाक्य त्यातल्या त्यात शेजारी होतं. नकार म्हणजे काय ते त्याला ठाऊकच नव्हतं. तिनं लपवलेला अंतराचा रकाना उघडला. शून्य म्हणजे तेच, एक म्हणजे काही संबंध नाही. दुपारच्या झोपेचं अंतर होतं शून्य पूर्णांक शून्य नऊ. म्हशीचं अठ्ठ्याहत्तर शतांश. बंकटरावांच्या मरणाचं एक्क्याऐंशी. हरिओमचं हे उत्तर सत्तर.

"थांबा," ती उठून म्हणाली. "हे खरं उत्तर न्हाई. ह्या सगळ्या परश्नांना महाराजांच्या बोलण्यात उत्तरच न्हाई. पण मी त्याला सांगितलंय, काहीतरी आणच. मग ते लांबचं का व्हईना, आणायलंय. एका घराच्या वस्तीवर शेजारी कोण म्हणलं तर कुणाचं नाव सांगावं लागंल? तीन कोसावरच्याचंच. चूक महाराजांची न्हाई. इचारायची रीत चुकली. माझी चूक हाय."

"म्हणजे माझं मरण..." बंकटराव म्हणाले.

"एक्क्याऐंशी शतांश लांब हाय, काका."

"आन बांध?"

"बांधाचं यंत्राला इचारलंच नव्हतं," चतुराबाई मागून म्हणाली. "ते तुमचं तुमी सांगितलंय. आता माघार न्हाई."

धनश्रीनं साचा नव्यानं लिहिला. बोटं भरभर चालत होती. मॅडमचा विचार तिच्या मनात आला आणि गेला.

कीर्तनातून
"माझ्यामागं काला कोणी करावा" याच्या जवळचे
०.२ अंतराच्या आत
१ आण
वाजव
नसेल तर गप्प

तिनं बटण दाबलं. कर्ण्यातून खर्ररर आवाज आला, मग तोही थांबला. टाळ नाहीत, खाकरणं नाही, कुत्रं नाही. गाव श्वास धरून बसलं. कर्ण्याचं काळं तोंड मंडपाकडं बघत होतं. कळसावरून एक पारवा उडाला तेव्हा पाचपन्नास माणसं एकदम दचकली. पुन्हा शांत. इतका वेळ शांत, की महाराज आहेत, सगळं ऐकताहेत आणि बोलत नाहीयेत, असं प्रत्येकाला वाटू लागलं. मघाच्या बोलण्यापेक्षा हे न बोलणं भारी होतं.

"बिगाडलं का?" भारतनं कुजबुजत विचारलं.

"न्हाई," बायका बसल्या होत्या तिकडून आवाज आला. बायनाबाई उठून पुढं येत होत्या. दिवसभरात त्यांनी यंत्राला एकही प्रश्न विचारला नव्हता. "आता कुठं बरुबर बोलले. दुपारपसून मी आयकायले, म्हणलं हे असं कवापसून करायले, कायबी इचारलं की फाडकन उत्तर? पस्तीस वर्षं संसार केला मी. ज्याचं उत्तर म्हाईत न्हाई तिथं हा माणूस असाच गप बसायचा. ही गप मला वळखू येती."

"मग काकू, गप बसल्यावर पुढं काय करायचे?" बंकटरावांनी विचारलं.

"पुढं काय? पानतंबाखू काढायचे आन म्हणायचे, बायने, तूच ठरीव."

मंडपात कुणीतरी हसलं आणि मग सगळे हसले. दुपारपासून कोंडलेलं हसू होतं ते, जरा जास्तच मोठं आलं.

"मी ठरवलंय," बायनाबाई म्हणाल्या. "हरिओम उभा राहील."

"काकू, पर मला महाराज कधी..."

"कुणालाच म्हणले न्हाईत. त्यांच्या गुरूंनीबी त्यांना म्हणलं नव्हतं. तू न्हाईच म्हणत असलास तर जा बाबा मेंढरांकडं. फकत वीणा कुणाच्या तरी गळ्यात दे आन जा."

हरिओमनं वीणा काढायला हात वर केले आणि परमेश्वरांकडं पाहिलं. परमेश्वरांनी दोन्ही हात पखवाजावर ठेवले. त्यानं भारतकडं पाहिलं. भारतनं हात पाठीमागं नेले. बंकटरावांकडं पाहिलं. बंकटरावांनी क्षणभर विचार केला, मग तेही हात मागं बांधून कळसाकडं बघत उभे राहिले. मंडपभर माणसं हात मागं घेऊन उभी होती. वीणा खाली ठेवता येत नाही.

*

सकाळी हरिओम उभा राहिला. बायनाबाईंनी त्याच्या खांद्यावर महाराजांचं उपरणं घातलं होतं. वीणा गळ्यात, तोंडापुढं माईक, मागं टाळकरी, डाव्या अंगाला पखवाज. समोर सगळं गाव, आणि तो गप्प. हात थरथरत होता. एक मिनिट गेलं, दोन गेली. परमेश्वरांनी पखवाजावर एक हलकी थाप दिली. तरी गप्पच. लोकांना कालची संध्याकाळ आठवली. काहींनी नकळत कर्ण्याकडं पाहिलं. धनश्रीनं मुद्दाम लॅपटॉप पिशवीत घालून, पिशवीची चेन ओढून, पिशवी मांडीखाली घेतली होती.

पहिल्या रांगेत बंकटराव बसले होते. मरण लांब आहे हे कळूनही त्यांना रात्रभर झोप लागली नव्हती. 'एक्क्याऐंशी म्हणजे नेमकं किती' याचा ते विचार करत होते. आता सकाळचा गार वारा लागला आणि त्यांची मान हळूहळू छातीवर आली.

तेवढ्यात कर्ण्यातून महाराज खाकरले. घोटभर पाणी प्यायले.

"बंकटा, झोपलास का?"

बंकटराव ताडकन उभे राहिले. सगळ्या मंडपाच्या माना धनश्रीकडं वळल्या. तिनं पांढऱ्याफटक चेहऱ्यानं मांडीखालची पिशवी काढून दाखवली. चेन बंद होती. मग माना पुढं वळल्या. हरिओमच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तांब्या खाली ठेवून, उपरण्यानं ओठ पुसत बंकटरावांकडं बघत होता. त्याचा हात आता कापत नव्हता.

"बसा काका," तो आपल्या आवाजात म्हणाला. "जागे झालाव ना? चला, आता सुरू करू."

पुढचे दोन तास मंडपात कुणी झोपलं नाही. बंकटराव तर नाहीच. हंडी फुटली तेव्हा दह्याचा पहिला शिंतोडा त्यांच्याच टोपीवर पडला, आणि पंगतीत ते तिसऱ्यांदा भात वाढून घेत असताना चतुराबाईनं विचारलं, "बंकटराव, आज सकाळी गडी आला न्हाई बांधावर?" ते म्हणाले, "पोट भरल्यावर पाठवतो." आणि पाठवला.

परमेश्वरांनी हे कीर्तनही मोबाईलवर भरून घेतलं होतं. संध्याकाळी धनश्रीनं ते कोठारात घातलं, नवा साचा पक्का केला आणि तो मॅडमना पाठवला. मॅडमनी तपासला. 'अंतराची अट सक्तीची. "नसेल तर गप्प" छान आहे, ठेवूया,' असा निरोप आला. खाली आणखी एक ओळ होती. 'चाचणीत "झोप येते" टाकून "२ आण" म्हटलं तर दोन उत्तरं येतात आणि त्या दोघांमधलं अंतर शून्य आहे. एकच तुकडा दोनदा भरलेला दिसतो. एक काढून टाक.'

धनश्री लॅपटॉप घेऊन बायनाबाईंच्या चुलीपाशी गेली. हरिओम तिथंच उपरण्याची घडी घालत बसला होता. तिनं पहिला तुकडा वाजवला. खाकरणं, पाणी, "बंकटा, झोपलास का?" मग दुसरा. खाकरणं, पाणी, "बंकटा, झोपलास का?" बायनाबाईंनी डोळे मिटून दोन्ही पुन्हा ऐकले. मग एकदा हरिओमकडं पाहिलं, एकदा खिडकीकडं. खिडकीत कालचा कप रिकामा होता. मांजरानं प्यायला असेल.

"काकू, यातला एक काढायचाय. महाराजांचा कोणता?"

"मला न्हाई कळत गं. त्यालाच इचार."

धनश्रीनं नव्या साच्यात विचारलं. 'यातले खरे महाराज कोणते?' बटण दाबलं. तिघंही वाट बघत बसले. बाहेर मेंढरं परतत होती. लॅपटॉप गप्प होता.

"शिकलं बाई तुझं यंत्र," बायनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी चहाला तिघांचं पाणी ठेवलं.